करपलेला दाणा, दुधाचा दात

राजा मरतो तेव्हा मागे पुष्कळ काही ठेवून जातो. त्याचे शिलालेख असतात, नाणी असतात, दान दिलेली लेणी असतात. एखाद्या भाटाने केलेली त्याची स्तुतीही असते. शेतकरी मरतो तेव्हा मागे काय उरते? चुलीतली राख, फुटक्या मडक्यांची खापरे, पडक्या भिंतीची माती आणि अंगणाच्या कडेला फेकलेली हाडे. महाराष्ट्राचा इतिहास आपण शाळेत शिकलो तो बहुधा सातवाहनांपासून. नाणेघाटातील लेख, कार्ल्याचे चैत्यगृह, पैठणचे राजे अशी नावे आपण पाठ केली. त्याआधी काय होते, असे एखाद्या चौकस मुलाने विचारले, तर गुरुजी ‘दंडकारण्य’ एवढेच सांगून पुढच्या धड्याकडे वळत.

पण त्या अरण्यात गावे होती. सातवाहनांच्या कितीतरी शतके आधी प्रवरा, गोदावरी, भीमा, घोड, तापी या नद्यांच्या काठी माणसे घरे बांधून, गुरे पाळून, शेती करून राहत होती. त्यांना लिपी ठाऊक नव्हती, म्हणून त्यांच्यातल्या एकाही माणसाचे नाव आपल्याला माहीत नाही आणि पुढेही होणार नाही. तरीसुद्धा त्यांच्या चुलीवर काय शिजत होते, नदीला पाणी कसे होते, त्यांची तान्ही मुले किती महिन्यांची होऊन गेली, हे आज बऱ्याच भरवशाने सांगता येते.

हे ज्ञान एकट्या इतिहासकाराने मिळविलेले नाही. त्यासाठी बियांचा जाणकार लागला, हाडांचा लागला, मातीचा लागला, दातांचा लागला. अणूंची मोजदाद करणाराही लागला. यांतल्या बहुतेकांनी इतिहासाची पदवी कधी घेतलेली नसते. दिवाळीच्या फराळाला बसलेल्या वाचकांना आज साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या एका गावातले ताट दाखवावे, आणि ते ताट ज्यांनी कणाकणाने पुन्हा मांडले त्या मंडळींची ओळख करून द्यावी, असा या लेखाचा हेतू आहे.

जुन्या वस्तीची जागा ओळखायला आपल्या खेडुतांना कुणी पंडित लागत नाही. नदीकाठच्या काळ्याभोर रानात मधेच एखादे भुरकट, पांढुरके टेकाड दिसते. त्याला पांढर म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या भिंती पडल्या, त्यांवर नव्या उभ्या राहिल्या, राख आणि केरकचरा साठत गेला आणि तिथली माती रंगाने वेगळी झाली. काळी ती शेताची आणि पांढरी ती वस्तीची, हा भेद आपल्या जुन्या कागदपत्रांतही दिसतो.

पूर्वी अशा टेकाडात खणणाऱ्यांचे डोळे ठरावीक गोष्टी शोधीत. नाणे मिळाले, मूर्ती मिळाली, रंगवलेले अखंड भांडे मिळाले की दिवस सत्कारणी लागला. बाकीचे सारे घमेल्यांतून उचलून बाहेर टाकले जाई. त्या घमेल्यांत राख जाई, कोळसा जाई, काळे पडलेले दाणे जात, उंदराच्या जबड्यापासून बैलाच्या खुरापर्यंतची हाडे जात. यातला तोटा असा की तो भरून निघत नाही. पोथीचे पान चुकून वगळले तर पुन्हा उलटून वाचता येते; टेकाडाचा थर एकदा उकरला की तो जगात उरत नाही. खणणाराला जे दिसले नाही, ते पुढे कुणालाच दिसायचे नाही.

ही दृष्टी बदलू लागली त्यातली एक गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १९२० नंतरच्या दशकात सिंधमधील मोहेंजोदडो येथे उत्खनन चालू असताना चांदीच्या एका भांड्याला चिकटलेला कापडाचा जीर्ण तुकडा मिळाला. चांदीवर चढलेल्या क्षारांनी तो सांभाळला होता. एरवी साडेचार हजार वर्षे कापड कुठले टिकायला? हा तुकडा माटुंग्याच्या कापूस-प्रयोगशाळेत आला. या प्रयोगशाळेचे रोजचे काम गिरण्यांसाठी कापसाच्या धाग्याची लांबी नि ताकद मोजण्याचे. तिथल्या टर्नर आणि ए. एन. गुलाटी या दोघांनी तंतू सूक्ष्मदर्शकाखाली धरला. कापसाचा तंतू वाळला म्हणजे चपट्या फितीसारखा होऊन त्याला पीळ पडतात. जवसाच्या किंवा तागाच्या तंतूला तसे पडत नाहीत. १९२९ साली दोघांनी आपला निर्णय प्रसिद्ध केला : हा खरा कापूस आहे. जगातील अतिप्राचीन सुती कापडांपैकी एकाची ओळख अशी गिरणगावाच्या शेजारी पटली, आणि ती पटविणारे लोक इतिहासाचे नव्हते, कापसाचे होते.

तेच गुलाटी तीस वर्षांनी पुन्हा भेटतात. ज्ञानेश्वरीमुळे आपल्याला वंदनीय असलेल्या नेवाशाजवळ, प्रवरेच्या काठी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन झाले. तिथे पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती आणि मण्यांच्या आत दोऱ्याचे अवशेष होते. तांब्याच्या क्षारांनी या वेळी राखण केली होती. गुलाटींनी तपासून सांगितले की दोऱ्यात कापूस आहे आणि रेशमाचे तंतूही आहेत. १९६१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने एक अहवाल काढला. त्यात गुलाटींनी तंतूंविषयी, ज्युलिएट क्लटन-ब्रॉक या प्राणिशास्त्रज्ञ बाईंनी हाडांविषयी आणि लखनौच्या विष्णु-मित्रे यांनी वनस्पतींविषयी लिहिले. एका मुखपृष्ठाखाली तीन शास्त्रे नांदली. पुढे जे मोठ्या प्रमाणावर झाले त्याचा हा साखरपुडाच म्हणायचा.

या सोयरिकीमागे मुख्यतः डॉ. हसमुख धीरजलाल सांकळिया होते. १९३९ साली डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून नव्याने सुरू झाले, तेव्हा सांकळिया तिथे आले आणि जन्मभर तिथेच राहिले. आपल्याला जे येत नाही ते ज्याला येते त्याला बोलवावे, हा त्यांचा स्वभाव. गुजरातेत लांघणज येथे १९४४ च्या सुमारास मानवी सांगाडे मिळू लागले, तेव्हा इरावतीबाई कर्वे त्या कामात सहभागी झाल्या. नद्यांचे थर आणि हवामान यांचा अभ्यास करणारे लंडनचे प्राध्यापक झॉयनर यांनी गुजरातच्या अश्मयुगावर लिहिलेला ग्रंथ डेक्कन कॉलेजनेच १९५० साली प्रसिद्ध केला. पुढे अशा पाहुण्यांवर अवलंबून राहणे सोडून सांकळियांनी बिया, हाडे, माती यांचे अभ्यासक संस्थेतच तयार केले. या सगळ्यांची कसोटी पाहणारे गाव लवकरच मिळाले.

ते गाव म्हणजे इनामगाव. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, भीमेला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी ते आहे. हा मुलूख पर्जन्यछायेचा. पाऊस आला तर आला, नाही तर आभाळाकडे बघत बसायचे. इथल्या पांढरीवर १९६८ साली पहिली कुदळ पडली आणि बारा हंगाम काम करून १९८३ मध्ये ते थांबले. सांकळिया, डॉ. म. के. ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी हे या कामाचे धुरीण. शंभराहून अधिक घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. एखाद्या गावाचा एवढा मोठा भाग, तोही घरन्‌घर नोंदवून, उघडा करण्याचे भाग्य फार थोड्या संशोधकांना लाभते.

पहिला प्रश्न अर्थातच काळाचा. लेख नाही, नाणे नाही; मग गाव कधीचे, हे कोणी सांगायचे? चुलीतल्या कोळशाने. सजीव वस्तू जिवंत असेतो हवेतील कार्बन घेत राहते आणि त्यात किरणोत्सर्गी कार्बनचा अगदी अल्प अंश असतो. जीव गेला की आवक थांबते आणि साठलेला अंश ठरल्या चालीने घटत जातो. ५,७३० वर्षांनी तो निम्मा राहतो. जमा बंद आणि खर्च चालू, अशा खात्यात किती शिल्लक आहे हे कळले की खाते कधी बंद झाले त्याचा हिशेब करता येतो. ही युक्ती अमेरिकेतील विलर्ड लिबी यांची. तिच्यासाठी त्यांना १९६० चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि थोड्याच वर्षांत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तशी मोजणी सुरू झाली. पुढे ती अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत होऊ लागली. इनामगावचा कोळसा दोन्ही ठिकाणी गेला. उत्तर आले ते असे : इ. स. पू. १६०० च्या सुमारास माळव्याच्या वळणाची भांडी वापरणारे लोक इथे आले, इ. स. पू. १४०० ते १००० हा जोर्वे संस्कृतीचा भरभराटीचा काळ. आणि १००० ते ७०० हा तिचा उतरता काळ.

इथेच तज्ज्ञांना एकमेकांची गरज कशी लागते ते पाहण्यासारखे आहे. कोळसा जर घराच्या जुन्या खांबाचा असेल, तर त्याच्यावरून निघणारा काळ झाड वाढले तेव्हाचा. चूल पेटली ती कदाचित त्यानंतर पन्नास-पाऊणशे वर्षांनी. उलट धान्याचा दाणा एकाच हंगामातला. म्हणून भौतिकीच्या पंडिताने यंत्र सुरू करण्यापूर्वी वनस्पतीच्या पंडिताला विचारावे लागते : बाबा रे, हा कोळसा कशाचा?

हा वनस्पतीचा पंडित म्हणजे इनामगावच्या कामात एम. डी. काजळे. दाणा मातीत पडला की एक तर उगवतो, नाही तर कुजतो. टिकतो तो फक्त करपलेला. जे नीट शिजले ते त्या घरच्या माणसांनी खाल्ले आणि संपले. जे विस्तवावर सांडले, भाजताना जळले, आगीत कोळसा झाले ते आपल्यापर्यंत आले. तेव्हा या दिवाळीत एखादी करंजी करपली तर तळणारावर फार रागावू नये. असे दाणे वेचायची रीत साधी आहे. माती पाण्यात सोडून ढवळली की जड खडे तळाशी बसतात आणि जळके दाणे तरंगतात. बारीक चाळणीवर ते काढून सावलीत वाळवायचे आणि भिंगाखाली त्यांचा घाट, त्यांची खाच, त्यांची नाळ पाहायची. शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण रोज वापरतो; इथे ती अक्षरशः खरी होते.

त्या परीक्षेतून इनामगावचे कोठार उघडले. मुख्य धान्य जव, ज्याला कोणी सातू म्हणतात. गहूही होता, पण जवाला पाणी कमी लागते आणि हलक्या जमिनीतही तो तग धरतो, तेव्हा घोडकाठच्या शेतकऱ्याने कशावर भिस्त ठेवली असेल हे शिरूरच्या माणसाला सांगायला नको. जोडीला मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख अशी कडधान्ये होती. रानातून बोरे, आवळे, जांभळे येत. ज्वारीची भाकरी हेच मराठी माणसाचे पहिल्यापासूनचे अन्न, अशी आपली समजूत असते; या गावाच्या वैभवकाळात मात्र ताटातला मान जवाचा होता.

दाण्यांचा जाणकार ताटाची एक बाजू सांगतो. दुसरी बाजू हाडे सांगतात. पी. के. थॉमस आणि त्यांचे सहकारी यांनी इनामगावच्या हाडांवर वर्षानुवर्षे काम केले. कल्पना करा : हजारो तुकडे, त्यांतला कुठलाही बोटभर लांबीचा, आणि प्रत्येकाला विचारायचे की तू कोणाचा, कुठला, किती वयाचा. तुलनेसाठी आजच्या प्राण्यांचे सांगाडे जवळ ठेवावे लागतात. शेळी की मेंढी, हे एवढ्याशा हाडावरून ओळखणे जाणत्यालाही जड जाते. दातांच्या झिजेवरून जनावराचे वय कळते आणि वयावरून ते कशासाठी पाळले असावे याचा अंदाज येतो. केवळ मांसासाठी पाळलेले जनावर म्हातारे होईपर्यंत कोणी ठेवीत नाही. इनामगावात गाईबैल, म्हशी, शेळ्यामेंढ्या, डुकरे, कुत्री होती. सांबर, चितळ, काळवीट, ससा यांची शिकार होई. नदीतून मासे, खेकडे, कासवे येत. पुष्कळ हाडांवर, गुरांच्या हाडांवरही, सुरीचे घाव आहेत. कोणाला हे रुचेल, कोणाला रुचणार नाही. पण साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या जेवणाचा निवाडा आजच्या आवडीनिवडीने करू लागलो, तर हाडे बोलायची थांबतील आणि आपलेच बोलणे आपल्याला ऐकू येत राहील.

तिसरा जाणकार मातीचा. एस. एन. राजगुरू यांच्यासारख्या भूशास्त्रज्ञांनी दख्खनच्या नद्यांचे काठ पायाखाली घालून गाळाचे थर वाचले. नदी भरून वाहत असली की ती जाड वाळू आणि गोटे आणते. मंदावली की बारीक गाळ टाकते. पाणी आटत गेले की मातीत चुनखडी साचते. अशा खुणांवरून कोणत्या शतकात पाऊस बरा होता आणि कोणत्या शतकात त्याने दगा दिला, याचा पडताळा घेता येतो. इनामगावकरांनी पुराचे पाणी वळवण्यासाठी दगडमातीचा बांध घालून चर खणला होता, असे उत्खननात आढळले. पाण्याची चिंता या मुलखाला किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

आता ज्या गोष्टीपाशी वाचकाचे मन थांबते त्या गोष्टीकडे येऊ. इनामगावच्या घरांच्या जमिनी उकरताना खाली मातीचे कलश मिळू लागले. दोन कलश आडवे, तोंडाला तोंड लावून ठेवलेले, आणि आत तान्ह्या मुलाची हाडे. कुठे शेजारी एखादे लहानसे भांडे. एक नव्हे, दोन नव्हे, गावभर. मूल गेले की त्याला दूर न नेता घराच्या भुईखालीच ठेवायचे, अशी त्या लोकांची रीत होती. ज्या जागी आई स्वयंपाक करी, त्याच छपराखाली तिचे लेकरूही असे.

ही हाडे डेक्कन कॉलेजचे सु. रा. वाळिंबे आणि अमेरिकेतील ऑरेगन विद्यापीठाचे जॉन लुकाच यांनी तपासली. त्यांचा ग्रंथ १९८६ साली निघाला. लहान मुलाच्या हाडांवरून मुलगा की मुलगी हे सांगणे कठीण, पण वय मात्र दातांवरून नेमके कळते. दुधाचे दात आईच्या पोटातच घडू लागतात आणि ठरल्या क्रमाने हिरडीत वाढत जातात. दातावरचे कवच थराथराने चढते. त्या दिवसांत मूल आजारी पडले, उपाशी राहिले, किंवा पोटात असताना आईचीच आबाळ झाली, तर ते काम मधेच थांबते आणि तिथे रेघ किंवा खळगा राहतो. हाड मोडले तर जुळून येते, जखम भरून येते. दातावरचा हा खळगा मात्र कधीच भरत नाही. असे खळगे इनामगावच्या बालकांच्या दुधाच्या सुळ्यांवर आढळले. त्या आयांची नावे गेली, भाषा गेली, त्यांनी गायलेल्या अंगाया गेल्या. त्यांच्या अडचणीच्या दिवसांची नोंद तेवढी तांदळाएवढ्या दातावर उरली.

हे सारे एकत्र मांडून ढवळीकरांनी गावाच्या ऱ्हासाची कथा सिद्ध केली. भरभराटीच्या काळात घरे चौकोनी, प्रशस्त, कुडाच्या भिंतींची. इ. स. पू. १००० नंतर त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेतीचा आधार कमी झाला आणि हरणांच्या शिकारीचा भाग वाढला. पाऊस कमी होत गेला, शेतकरी अर्धा धनगर झाला, आणि इ. स. पू. ७०० च्या सुमारास पांढर ओस पडली. दाणे, हाडे, गाळ आणि घरे असे चार साक्षीदार एकच जबानी देत होते. कथा पटणारी होती, आणि दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्राला तर ती फारच ओळखीची वाटली.

पण शास्त्रात पटणे हा शेवट नसतो. पुढे ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकन विदुषींनी याच मुलांची हाडे पुन्हा हाती घेतली आणि त्यांवरील आपला ग्रंथ २०११ साली प्रसिद्ध केला. लांब हाडांची वाढ मोजून त्यांनी दाखवले की उतरत्या काळातील मुले अधिक कुपोषित होती. इथपर्यंत जुन्या कथेला दुजोराच मिळाला. मात्र केवळ हवामान बदलले म्हणून गाव मोडले, या सरळ उत्तराला त्यांनी आव्हान दिले. हा मुलूख आधीपासूनच कोरडा होता. तेव्हा माणसांनी जमीन कशी वापरली, तोंडे किती वाढली, मुले किती जन्मली आणि किती गेली, याचाही हिशेब मांडल्याशिवाय एकट्या पावसाला आरोपी करता येत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. वाद अजून मिटलेला नाही. तो हाती पुरावा घेऊन चालला आहे, ही समाधानाची गोष्ट. ज्यांच्याकडे फक्त मूर्ती आणि नाणी असती, त्यांना हा प्रश्न पडलाही नसता.

यातून तज्ज्ञांची मर्यादाही ध्यानात येते. इनामगावात मोठ्या माणसांना पुरताना त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. हाडांचा जाणकार पावले नाहीत एवढे सांगेल. ती का तोडली, हे त्याचे भिंग सांगत नाही. मृताने उठून निघून जाऊ नये अशी समजूत असावी, हा तर्क इतिहासकाराचा, आणि तो तर्कच राहतो. गावाच्या मध्यभागी पाच खोल्यांचे एक घर होते, जवळ धान्याचे कोठार होते आणि अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात एक पुरुष मांडी घालून बसविलेला होता. त्याची पावले मात्र शाबूत होती! तो गावाचा मुखिया असावा असे आपण म्हणतो, कारण घर, कोठार, रांजण आणि पावले या चार गोष्टी एकत्र ठेवून पाहणारा कोणीतरी असतो. जाणकार प्रत्येक वस्तूला बोलते करतो. त्या बोलण्यांचा मेळ घालणे हे पुरातत्त्वज्ञाचे काम. एकट्याने दोन्ही करू पाहणाऱ्याची फजिती होते.

इनामगावची कुदळ थांबून चाळीस वर्षे झाली. या काळात नवे जाणकार आले आहेत. हरियाणातील फरमाणा येथे डेक्कन कॉलेजच्याच डॉ. वसंत शिंदे यांच्या पुढाकाराने उत्खनन झाले. तिथल्या सिंधू संस्कृतीच्या भांड्यांना आणि माणसांच्या दातांना चिकटलेले पिष्टाचे सूक्ष्म कण तपासले तेव्हा त्यांत हळद आणि आले यांच्या खुणा मिळाल्या. म्हणजे आपल्या फोडणीचे गोत्र बरेच मागे जाते. कच्छमधील कोटडा भडली येथील खापरांत मुरलेल्या स्निग्ध द्रव्यावरून त्या भांड्यांत दूध तापत असे, हे २०२० साली सिद्ध झाले. खापर रंगीत नाही म्हणून पूर्वी जे फेकले जाई, तेच आता बोलू लागले. हरियाणातीलच राखीगढीच्या अनेक सांगाड्यांपैकी एका स्त्रीच्या हाडातून आनुवंशिक द्रव्य मिळवून २०१९ साली तिच्या पूर्वजांचा माग काढण्यात आला. आपल्या उष्ण हवेत असे द्रव्य टिकणे फार दुर्मीळ, म्हणून एका यशामागे कितीतरी निष्फळ प्रयत्न असतात.

या साऱ्यांत एक गोष्ट समान आहे. जे हाती आले ते, त्याचा उपयोग कळत नसतानाही, कुणीतरी जपून ठेवले होते. इनामगावच्या मुलांची हाडे पिशव्यांत घालून, चिठ्ठ्या लावून ज्यांनी फडताळात ठेवली, त्यांना पुढे कोण येऊन काय विचारणार आहे हे ठाऊक नव्हते. आज पुष्कळ ठिकाणी चांगला प्रघात आहे की टेकाड सबंध खणायचे नाही. काही भाग पुढच्या पिढीच्या जाणकारांसाठी तसाच सोडायचा.

पण टेकाडाला धोका कुदळीचा कमी आणि खोऱ्याचा अधिक आहे. पांढरीची माती पिकाला चांगली, म्हणून ती गाड्या भरभरून शेतात नेऊन टाकण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. पूर्वी बैलगाडीने जी माती वर्षभरात जाई, ती आता यंत्राने एका दिवसात जाते. यात वाईट हेतू कोणाचाच नसतो. आपण काय उचलतो आहोत, याची कल्पना नसते इतकेच. वाचकांपैकी अनेकांच्या गावाजवळ अशी एखादी पांढर असेल. सुट्टीत मुलांना घेऊन तिच्यावर जरूर जावे, खापरे पाहावी आणि पाहून तिथेच ठेवावी. माती उचलली जात असेल तर पुरातत्त्व खात्याच्या कानावर घालावे. त्या मातीत बहुधा सोने नसते. एखाद्या घरची चूल असते, मूठभर करपलेले जव असतात, आणि भुईखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन कलशांत, आईने जपून ठेवलेले एखादे मूल असते.